मास्टर टियर घेतलं, तरी पुस्तकावर कुलूप का? डी अँड डी बियॉन्डची वर्गणी आणि पुस्तकाची खरेदी

"मास्टर टियर घेतलंय, तरी प्लेयर्स हँडबुक उघडत का नाही?" डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा पात्रं घेऊन गोष्ट रचत जायचा खेळ नव्यानं खेळायला लागलेली सोलापूरची मुलं हा प्रश्न इतक्यांदा विचारतात, की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहायला हवं असं वाटलं. पुस्तक उघडत नाही, कारण डी अँड डी बियॉन्ड या खेळाच्या अधिकृत साइटवर पैसे दोन निराळ्या गोष्टींसाठी घेतले जातात. एक वर्गणी, म्हणजे सबस्क्रिप्शन. ती दर महिन्याला किंवा वर्षाला कापली जाते. दुसरी पुस्तकाची खरेदी, ती एकदाच. दोन्ही एकाच साइटवर, एकाच कार्डानं आणि एकाच खात्यात होतात. त्यात ओटीटीची सवय अशी, की महिन्याचे पैसे भरले की सगळं बघायला मोकळं. म्हणून इथेही वर्गणी भरली की सगळी पुस्तकं आली असं वाटतं. तसं होत नाही. यंत्रमाग भाड्यानं घेतला म्हणून सूत फुकट मिळत नाही. इथे वर्गणी म्हणजे मागाचं भाडं आणि पुस्तक म्हणजे सूत.

आधी वर्गणी बघू. खातं फुकट उघडता येतं आणि त्यात सहा कॅरेक्टर, म्हणजे खेळातली पात्रं, ठेवता येतात. वर्गणीचे दोन टप्पे आहेत. हीरो टियर बराच काळ महिन्याला 2.99 डॉलर होता आणि मास्टर टियर 5.99 डॉलर. वर्षाचे एकदम भरले तर अनुक्रमे 25.99 आणि 54.99. भरण्याआधी साइटवरचा आजचा दर बघावा, पण हिशोबाचा साचा हाच. हीरोमध्ये कॅरेक्टरच्या संख्येवरची मर्यादा जाते. मास्टरमध्ये त्याशिवाय एक मोठी सोय मिळते, ती म्हणजे कॅम्पेनमधल्या, म्हणजे एका गटाच्या सलग चालणाऱ्या खेळातल्या, सगळ्यांना एकमेकांची पुस्तकं वापरू देणं. यातल्या कुठल्याच टप्प्यात प्लेयर्स हँडबुक, डंजन मास्टर्स गाइड किंवा मॉन्स्टर मॅन्युअल यातलं एकही मुख्य नियमपुस्तक येत नाही. दहा वर्षं वर्गणी भरलीत तरी ही पुस्तकं आपोआप खात्यात येणार नाहीत.

खरेदीचं गणित उलटं. 2024 चं नवं प्लेयर्स हँडबुक डिजिटल रूपात 29.99 डॉलरला निघालं, म्हणजे आपले 2,500 रुपयांच्या वर. ते घेतलं की त्यातले क्लास (पात्राचे प्रकार), स्पेल (जादूचे मंत्र), फीट (खास कौशल्यं) कॅरेक्टर बनवताना दिसू लागतात आणि पुस्तक साइटवर नि अ‍ॅपमध्ये वाचता येतं. अ‍ॅपमध्ये उतरवून घेतलं तर नेट नसतानाही वाचता येतं. वर्गणी बंद केली तरी ते खात्यात राहतं. पीडीएफ मात्र मिळत नाही, हे घेण्याआधीच लक्षात ठेवावं. छापील पुस्तक घरात आहे म्हणून डिजिटल प्रत उघडत नाही, तीही वेगळीच घ्यावी लागते. नवी पेठेतल्या दुकानांत अभ्यासाची पुस्तकं मिळतील, हे पुस्तक मात्र बाहेरूनच मागवावं लागतं. त्यामुळे आपल्याकडे बरेच जण थेट डिजिटलकडे वळतात आणि तिथे ही गल्लत होते.

पूर्वी इथे एक मधली वाट होती. अख्खं पुस्तक नको असेल तर एखादा सबक्लास (क्लासचा उपप्रकार) किंवा एखादी जादूची वस्तू सुटी विकत मिळायची. विद्यार्थ्यांच्या खिशाला ती परवडायची. मे 2024 मध्ये ही सुटी विक्री बंद झाली. आधी घेतलेले तुकडे ज्यांच्या खात्यात होते त्यांचे राहिले, नव्यांना मात्र पूर्ण पुस्तकच घ्यावं लागतं. माझ्या मते हा निर्णय भारतासारख्या ठिकाणच्या खेळाडूंना सर्वांत जास्त जाचला. एका पॅलाडिन पात्रासाठी अडीच हजार घालणं सगळ्यांना जमत नाही.

म्हणूनच वर्गणी आणि खरेदी कुठे एकमेकींना जोडल्या जातात, ते नीट समजून घेणं गरजेचं आहे. मास्टर टियर कॅम्पेनमधल्या एकाकडेच असलं तरी पुरतं. तो डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, असला पाहिजे असंही नाही. त्यानं शेअरिंग चालू केलं, की त्या कॅम्पेनमधल्या कुणीही विकत घेतलेलं पुस्तक सगळ्यांना दिसतं. म्हणजे प्लेयर्स हँडबुक एकाच्या खात्यात असेल, मॉन्स्टर मॅन्युअल दुसऱ्याच्या आणि वर्गणी तिसऱ्याची, तरी पाचही जणांचं काम चालतं. एका कॅम्पेनमध्ये बारा खेळाडूंपर्यंत आणि अशा पाच कॅम्पेनपर्यंत शेअरिंग करता येतं. सोलापुरातल्या एखाद्या गटाला यापेक्षा जास्त लागेल असं वाटत नाही.

आता पैशांकडे बघा. पाच जणांनी आपापला हीरो टियर वर्षासाठी घेतला तर 129.95 डॉलर जातात, आणि एवढं भरूनही कुणाचं पुस्तक कुणाला दिसत नाही. एकानं मास्टर घेतला तर 54.99 डॉलर, म्हणजे माणशी अकरा. पुस्तकं वाटून घेता येतात ती वेगळीच. गणपतीची वर्गणी काढायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, मग इथेही पाच घरांतून एक वर्गणी काढायला काय हरकत आहे? मी तर म्हणेन, ज्या गटात दोघांनी मास्टर टियर भरलंय तिथे एकानं आजच बंद करावं.

पैसे एकत्र काढताना एक गोष्ट मात्र आधीच बोलून ठेवावी. वर्गणी फिरती ठेवता येते, यंदा याच्या कार्डावर तर पुढच्या वर्षी तिच्या. पुस्तक फिरत नाही. ज्याच्या खात्यात घेतलं त्याच्याकडेच राहतं. चौघांनी पैसे काढून पाचव्याच्या खात्यात पुस्तक घेतलं आणि सहा महिन्यांनी त्यानं खेळ सोडला, की चौघांच्या हाती काही उरत नाही. शेअरिंग आहे तोवर ही अडचण दिसत नाही, कॅम्पेन मोडली की लगेच दिसते. म्हणून सामायिक पैशातली पुस्तकं अशा माणसाच्या खात्यात घ्यावीत, जो पुढची दोन-तीन वर्षं डीएम राहायला तयार आहे. खेळाडूला स्वतःसाठी एखादं हवंच असेल तर ते त्यानं स्वतःच्या पैशानं आपल्या खात्यात घ्यावं. ते त्याच्याबरोबर जाईल यात कुणाला वावगं वाटणार नाही.

वर्गणी थांबली तर काय होतं, याचीही बऱ्याच जणांना भीती वाटते. विकत घेतलेलं पुस्तक कुठे जात नाही. सहापेक्षा जास्त कॅरेक्टर असतील तर चालू ठेवायची सहा निवडावी लागतात आणि बाकीची कुलूपबंद होतात, पुसली जात नाहीत. शेअरिंग मात्र बंद पडतं. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेला सबक्लास ज्याच्या कॅरेक्टरवर आहे, त्याची पंचाईत होते. वर्गणी बंद केल्यावर खरा फटका बसतो तो इथे, आणि तो वर्गणी भरणाऱ्याला बसत नाही, दुसऱ्यांना बसतो.

खरेदी म्हणजे पूर्ण मालकी, असंही मात्र समजू नये. हा खेळ 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला, तेव्हा पुस्तक म्हणजे कपाटातलं पुस्तक होतं. डी अँड डी बियॉन्ड 2017 मध्ये कर्स या कंपनीनं सुरू केलं, पुढे ते फँडमकडे गेलं आणि 2022 मध्ये खेळाची मालक कंपनी हॅस्ब्रो हिनं ते 14.63 कोटी डॉलरला घेतलं. खात्यात जे आहे ते वापरायची परवानगी असते, आणि ती त्या त्या मालकाच्या अटींवर चालते. ऑगस्ट 2024 मध्ये हे सगळ्यांनी पाहिलं. नवी पुस्तकं आल्यावर 2014 च्या आवृत्तीतले स्पेल आणि जादूच्या वस्तू कॅरेक्टर शीटवरून (पात्राच्या माहितीच्या कागदावरून) काढून त्यांच्या जागी नव्या आवृत्तीतले ठेवले जातील, अशी घोषणा झाली होती. लोकांनी जोरदार विरोध केला आणि काही दिवसांतच ती मागे घेतली गेली. पैसे भरून घेतलेलं पुस्तक कंपनी बदलू शकते, हे तेव्हा उघड झालं.

इथे वर्गणीचं एक बळ मात्र दिसतं. जानेवारी 2023 मध्ये खेळाचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याचा बदललेला मसुदा बाहेर फुटला, तेव्हा खेळाडूंनी डी अँड डी बियॉन्डची वर्गणी मोठ्या संख्येनं रद्द केली. 27 जानेवारीला कंपनीनं मूळ नियमांचा दस्तऐवज, एसआरडी 5.1, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला केला. एप्रिल 2025 मध्ये नव्या नियमांचा 5.2 हा दस्तऐवजही तसाच आला. पुस्तकाचे पैसे एकदाच जातात, वर्गणी मात्र दर महिन्याला थांबवता येते. या खुल्या नियमांचा आपल्याला फार मोठा उपयोग आहे: मूळ श्रेय दिलं की त्यांचं मराठी भाषांतर करायला, छापायला, अगदी विकायलाही परवानगी आहे. कुणीतरी चांगलं मराठी कॅरेक्टर शीट करावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. दहावीतल्या मराठी माध्यमाच्या पोरालाही मग हा खेळ खेळता येईल.

अगदी नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी तर काहीच भरू नये. फुकट खातं, सहा कॅरेक्टर आणि साइटवरचे मोफत मूळ नियम एवढ्यावर एक कॅम्पेन आरामात उभी राहते. तीन-चार महिने खेळा, कोण टिकतंय ते बघा, मग पैशाचा विषय काढा. पाथफाइंडर हा असाच दुसरा खेळ खेळणाऱ्यांची तर चैन आहे. त्यांचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिसवर अधिकृतपणे फुकट वाचता येतात.

नकाशावर टोकन हलवायची साधनं म्हणजे व्हर्च्युअल टेबलटॉप. डी अँड डी बियॉन्डबाहेरच्या अशा साधनांचा खर्च याहून वेगळा आहे आणि डी अँड डी बियॉन्डवर घेतलेलं पुस्तक तिथे आपोआप जात नाही. रोल ट्वेंटीवर वर्गणी आहे, पण ती गेम चालवणाऱ्यानं भरली की पुरते. फाउंड्री हे दुसरं साधन 2020 मध्ये आलं, त्याचा परवाना एकदाच 50 डॉलरला मिळतो आणि खेळाडूंना काही भरावं लागत नाही. इथेही वर्गणी की खरेदी असा सरळ हिशोब दिसतो, पण फाउंड्री आपल्या संगणकावरून चालवावं लागतं. अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच आयपी पत्ता कित्येक घरांत वाटतात, त्यामुळे जुळे सोलापुरातल्या घरातून चालवलेला गेम हिंजवडीच्या मित्राला अनेकदा थेट जोडता येत नाही. मग बरेच जण महिन्याच्या भाड्यानं सर्व्हर घेतात, म्हणजे खरेदी करूनही वर्गणी मागच्या दारानं येते. ज्या गटातले निम्मे पुण्याला नोकरीला आहेत आणि गड्ड्याच्या यात्रेला किंवा दिवाळीला घरी येतात, त्यांनी टेबलटॉपची वर्गणी महिन्याचीच ठेवावी. सगळे एका घरात जमणार त्या महिन्यात कागद आणि फासे पुरतात.

आता प्रत्यक्ष पैसे भरताना काय होतं ते. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात. यूपीआयची इतकी सवय झालीय, की हे बटण आहे हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. डॉलरच्या रकमेवर बँक साधारण 2 ते 3.5 टक्के परकीय चलनाचा अधिभार लावते आणि त्या अधिभारावर 18 टक्के जीएसटी असतो. पुस्तकाच्या एकरकमी खरेदीत प्रश्न एवढ्यावर संपतो.

वर्गणीत तो संपत नाही. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी आधी ओटीपी देऊन मँडेट, म्हणजे आगाऊ परवानगी, नोंदवावं लागतं आणि दर वेळी रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते. हा नियम परदेशी व्यापाऱ्यांनाही लागू आहे. ज्या साइट या व्यवस्थेला जोडलेल्या नाहीत त्यांची पुढच्या महिन्याची कपात बँक सरळ नाकारते. पहिला महिना नीट जातो, दुसऱ्या महिन्यात शनिवारच्या सेशनला बसल्यावर शेअरिंग बंद दिसतं आणि डीएमला वाटतं साइट बिघडली. म्हणून आपल्याकडून वर्षाची रक्कम एकदम भरणं जास्त खात्रीचं पडतं, आणि स्वस्तही. मास्टर टियरमध्ये महिन्याच्या दरानं वर्षाचे 71.88 डॉलर होतात, एकदम भरले तर 54.99.

वर्षाची वर्गणीही आपोआप नव्यानं सुरू होऊ शकते, हे विसरू नये. ती तारीख गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वर लावून ठेवा. बंद करायची असेल तर जिथून घेतली तिथूनच बंद होते: साइटवरून घेतली असेल तर साइटच्या खात्यातून, फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून घेतली असेल तर त्या स्टोअरमधून. फोनवरून नुसतं अ‍ॅप काढून टाकल्यानं पैसे कापणं थांबत नाही. रद्द केल्यावरही भरलेली मुदत संपेपर्यंत सोय चालू राहते, तेव्हा तारखेच्या आठवडाभर आधी रद्द करायला काहीच अडचण नाही. त्या आठवड्यात प्रत्येकानं आपल्या कॅरेक्टर शीटची पीडीएफ काढून घ्यावी, ती फुकट निघते. दुसऱ्याच्या पुस्तकातला सबक्लास कुणाकुणाच्या शीटवर आहे, हेही डीएमनं तेव्हाच बघून घ्यावं.