टॅटूखालचा घाम आणि त्यातलं मीठ

‘टॅटू काढलेल्या जागी घाम येत नाही, जिममध्ये अंग तापून माणूस कोसळतो’ असा मेसेज भाच्याला एका ग्रुपवर आला आणि त्याने तो लगेच माझ्याकडे ढकलला. त्याच्या दंडावर चार वर्षांपूर्वी काढलेला वाघ आहे. मेसेज साफ खोटा असता तर बरं झालं असतं. तो अर्धा खरा आहे.

२०१७ साली अमेरिकेत, मिशिगनमधल्या अल्मा कॉलेजात १० पुरुषांवर एक प्रयोग झाला. प्रत्येकाच्या अंगावर एका बाजूला टॅटू आणि दुसऱ्या बाजूची तीच जागा कोरी. दोन्हीकडे पायलोकार्पिन हे घाम आणणारं औषध सौम्य विजेच्या साहाय्याने त्वचेत उतरवलं. कोऱ्या त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला सरासरी ०.३५ मिलिग्रॅम घाम आला, टॅटूवर ०.१८. म्हणजे जेमतेम निम्मा.

बातम्या इथेच थांबल्या. मला गंमत वाटते ती पुढच्या आकड्याची.

घर्मग्रंथी म्हणजे त्वचेत खोलवर वेटोळं करून बसलेली एक नळी. वेटोळ्यात तयार होणारं पाणी जवळपास रक्तद्रवाइतकंच खारट असतं, लिटरमागे साधारण १४० मिलिमोल (हे रसायनातलं मोजमाप) सोडियम, म्हणजे मिठातला एक घटक. ते वर येत असताना नळीची भिंत त्यातलं बरंचसं सोडियम परत ओढून घेते. दादरच्या पुलावर उभा असलेला टीसी आठवा. माणसं तुरळक येत असली की तो प्रत्येकाला अडवतो. लोंढा आला की बरेच जण निसटतात. घामाचंही तसंच. सावकाश आलेला घाम अळणी, धो धो आलेला खारट.

मग टॅटूवरचा घाम कमी, म्हणजे तो अळणी हवा. निघाला उलटा! कोऱ्या त्वचेच्या घामात सोडियम लिटरमागे ४२.६ मिलिमोल, टॅटूच्या घामात ६९.१. गर्दी कमी आणि तरी फुकटे जास्त, तर संशय टीसीवरच जाणार. नळीच्या भिंतीत सोडियमसाठी ‘एनॅक’ नावाचे दरवाजे असतात आणि मिठातल्या दुसऱ्या घटकासाठी, क्लोराइडसाठी, ‘सीएफटीआर’ नावाची वाट. ही वाट जन्मतः बिघडलेली असली की सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार होतो, आणि अशा बाळाचा मुका घेतला तर ओठ खारट होतात. त्या आजाराची घामतपासणीही याच पायलोकार्पिनने करतात. टॅटूची सुई मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत जाते, मिनिटाला हजारो वेळा, आणि घामाची नळी त्याच थरातून वर येते. तिला इजा होत असावी, हा तर्क सरळ आहे.

पण औषध ग्रंथीला थेट डिवचतं. व्यायामात हुकूम मेंदूतून येतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने २२ जणांना सायकल मारायला लावली, तेव्हा टॅटू आणि कोरी त्वचा यांत ना घामाचा फरक दिसला ना मिठाचा. हे २०१९ साली छापून आलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या गटाने गरम पाणी खेळवलेला पोशाख घालून माणसं तापवली, तर टॅटूखाली घाम पुन्हा कमी! तो सुरू मात्र दोन्हीकडे एकाच वेळी झाला. याचा अर्थ मज्जातंतूंचा निरोप पोहोचतोय, ग्रंथीच कमी काम करतेय.

अंगावर घर्मग्रंथी वीस ते चाळीस लाख. एका वाघाखाली त्यातल्या कितीशा येणार? तेवढ्याने कुणी कोसळत नाही. पाठ, छाती, दोन्ही हात रंगवून भर उन्हात मॅरेथॉन पळणाऱ्याने मात्र थोडं सांभाळून असावं. त्याच ग्रुपवर ‘घामावाटे विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ म्हणून डिटॉक्सचे पट्टेही विकतात. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं पगाराशिवाय करतात. घाम अंग थंड करतो, हेच त्याचं मुख्य काम.

रविवारी भाच्याला जिने चढायला लावले, दंडावर टिंक्चर आयोडीन फासून वाळू दिलं आणि बाँड पेपर दाबला. कागदातल्या स्टार्चमुळे घामाच्या प्रत्येक छिद्राचा निळाकाळा ठिपका उठतो. वाघाच्या कानावर, पट्ट्यांवर, सगळीकडे ठिपके आले. ते शेजारच्या कोऱ्या कातडीइतके दाट आहेत का, यावर आमचं अजून भांडण चालू आहे. त्यांतल्या मिठाबद्दल कागद काही बोलत नाही.