इंटरनॅशनल परमिट म्हणजे लायसन्स नव्हे

परदेशाचं तिकीट निघालं की गोव्यात शेजारपाजारचे हमखास विचारतात, "इंटरनॅशनल लायसन्स काढलं की नाही?" विचारणाऱ्याच्या डोक्यात हिशेब असा असतो: गोव्याचं लायसन्स साधं, भारतापुरतं. त्यावर आणखी हजार रुपये भरले की जगभर चालणारं वरच्या दर्जाचं लायसन्स मिळतं, आणि मग साधं कार्ड कपाटात राहिलं तरी बिघडत नाही. यातलं एकही वाक्य खरं नाही. तरी ड्रायव्हिंग स्कूलवाले, ट्रॅव्हल एजंट आणि सुट्टीवर आलेले दुबईकर काका या सगळ्यांनी मिळून हा समज इतकी वर्षं निगुतीने सांभाळलाय.

लायसन्सबद्दल फार सांगत बसत नाही, ते तुमच्या पाकिटात आहेच. वाहतूक खात्याने तुमची चाचणी घेतली (व्यवस्थित घेतली असं धरून चालू) आणि अमुक प्रकारची गाडी चालवायचा अधिकार दिला. कोणत्या प्रकारची आणि कधीपर्यंत, हे कार्डावर छापलेलं असतं. इथे लायसन्सचा विषय संपला.

आता परमिट, म्हणजे लोक ज्याला इंटरनॅशनल लायसन्स म्हणतात ते इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. करड्या कव्हरची, पासपोर्टपेक्षा थोडी मोठी पुस्तिका. उघडली की पानापानावर तोच मजकूर वेगवेगळ्या भाषांत. मागच्या बाजूला तुमचा फोटो, नाव, जन्मस्थळ आणि ए, बी, सी, डी, ई अशी वाहनांच्या प्रकारांची यादी. तुमच्या लायसन्सवर जे प्रकार आहेत, त्यांच्यासमोरच शिक्का. कव्हरवर १९ सप्टेंबर १९४९ ही तारीख दिसते, कारण ही पुस्तिका त्या दिवशीच्या जिनिव्हा करारातून आली. भारत त्या करारात १९६२ साली सामील झाला. पूर्वी राज्याराज्यांत तिचं रूप वेगवेगळं असायचं. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने ते देशभर एकसारखं केलं आणि लायसन्सशी जोडणारा क्यूआर कोडही आणला.

ही पुस्तिका मिळवताना कुणी तुमची चाचणी घेत नाही, कारण ती नवा अधिकार देतच नाही. तुमच्याकडे जो अधिकार आहे तो परक्या देशातल्या पोलिसाला वाचता यावा, एवढंच तिचं काम. कुळागरात पोफळीवर चढवलेल्या मिरवेलीसारखी तिची गत आहे: पोफळ उभी तोवर वेल उभी. लायसन्सची मुदत मार्चमध्ये संपत असेल आणि परमिटवर ऑगस्ट लिहिलं असेल, तर तुमचं परमिटही मार्चमध्येच संपलं. म्हणून परमिटच्या अर्जाआधी कार्डावरची तारीख बघा. नूतनीकरण मुदतीच्या वर्षभर आधीही करता येतं.

यातूनच निघणारी, पण लोक हटकून विसरतात अशी गोष्ट म्हणजे मूळ कार्ड. गोव्यात आपण डिजिलॉकर दाखवून सुटतो, त्यामुळे कार्ड घरी ठेवायची सवय लागलीय. भारतातला कायदा ते मानतो. परदेशातल्या पोलिसाला तुमच्या डिजिलॉकरशी काही देणंघेणं नाही. कार्डाविना परमिट दाखवणं म्हणजे काहीच न दाखवणं.

दुसरं, ते शिक्के. ए म्हणजे मोटारसायकल, बी म्हणजे ड्रायव्हर सोडून आठ सीटपर्यंतची मोटार. ज्याच्याकडे फक्त एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या मोटारीचं लायसन्स आहे, त्याला ए समोर शिक्का मिळत नाही. आणि हाच माणूस थायलंडला गेला की पहिल्या दिवशी काय भाड्याने घेतो? स्कूटर! आपल्याकडे गल्लीबोळात सगळेच चालवतात, तिथे काय होणार, असं म्हणून. काही झालं नाही तर नाहीच होत. पण पडलात, तर विम्याचा माणूस सगळ्यात आधी तो ए समोरचा रिकामा चौकोन बघतो आणि हॉस्पिटलचं बिल तुमच्या गळ्यात पडतं. दुचाकीचं लायसन्स नसेल तर तिथे स्कूटरला हात लावू नका, हे माझं ठाम मत आहे. त्यात "पण" नाही.

कोणत्या देशात लागतं नि कोणत्या देशात नाही, याच्या लांबलचक याद्या फिरत असतात. त्यात मी वेळ घालवणार नाही. ढोबळ हिशेब पुरतो. आपलं गोव्याचं कार्ड इंग्रजीत आहे, त्यामुळे पाहुणा म्हणून गेलात तर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर इथे कायद्याला तेवढं चालतं. जपानमध्ये नुसतं भारतीय कार्ड अजिबात चालत नाही, १९४९ च्या नमुन्याचं परमिटच लागतं. इटलीत परमिट किंवा अधिकृत भाषांतर. अमिरातीत पर्यटक म्हणून गाडी चालवायची तर परमिट. चीनमध्ये परमिट नेलंत काय नि न नेलंत काय, तिथे ते मानतच नाहीत. अमेरिकेत राज्यागणिक नियम. आणि कायदा मागत नसला तरी गाडी भाड्याने देणारा काउंटरवर मागू शकतो. हजार रुपयांसाठी तिथे वाद घालत उभं राहण्यात अर्थ नाही, काढून ठेवा.

खरा घोळ इथे नाहीच. तो परमिटवर छापलेल्या "एक वर्ष" या मुदतीत आहे.

ते एक वर्ष पुस्तिकेचं वय आहे. परक्या देशाने तुम्हाला दिलेली सवलत ती नव्हे. ही सवलत मिळते पाहुण्याला. तुम्ही त्या देशाचे रहिवासी झालात की तो देश म्हणतो, आता आमचं लायसन्स काढा. आणि रहिवासी झाल्यावर किती दिवस सूट द्यायची, हे तो देश ठरवतो. पणजीतल्या कारकुनाने मारलेल्या शिक्क्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

अमिरातीत ही सूट शून्य दिवसांची. टुरिस्ट व्हिसावर असेपर्यंत परमिट चालतं. रेसिडेन्सी लागली की त्याच दिवसापासून भारतीय परमिटवर गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं. आखातात नोकरीला निघालेली मुलं खिशात वर्षभराचं परमिट घेऊन जातात आणि वर्षभराची सोय झाली म्हणून निश्चिंत असतात. तिकडे महिन्याभरात एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथल्या रहिवाशाचं ओळखपत्र, हातात पडतं आणि परमिटचे उरलेले अकरा महिने कागदावर राहतात. कॅनडात ओंटारियोला गेलात तर रहिवासी झाल्यावर ६० दिवस. जर्मनीत ६ महिने. ब्रिटनमध्ये १२ महिने.

ब्रिटनचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथल्या स्विंडन शहरात गोव्याची अख्खी वस्तीच आहे आणि तिथला गोंधळ दुहेरी आहे. रहिवासी झाल्यापासून पहिले १२ महिने तुम्ही गोव्याच्या कार्डावर गाडी चालवू शकता, परमिट असो वा नसो. १२ महिने संपले की कार्डही चालत नाही आणि परमिटही नाही. आता, जानेवारी २०२१ पासून भारताने एक सोय केलीय: परदेशात असताना परमिटची मुदत संपली तर भारतीय दूतावासामार्फत त्याचं नूतनीकरण करता येतं. सोय चांगली आहे, पण लोक तिचा अर्थ भलताच लावतात. वर्ष संपत आलं की नवीन पुस्तिका मागवतात आणि आणखी एक वर्ष मिळालं म्हणून गाडी चालवत राहतात. पुस्तिका खरी असते, शिक्का खरा असतो, तारीखही पुढची असते. फक्त ब्रिटनचा कायदा त्या तारखेकडे बघत नाही, तो बघतो तुम्ही इथे राहायला कधी आलात ते. तेरावा महिना लागला की तुम्ही लायसन्स नसलेले चालक. त्या अवस्थेत अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल, ते सांगायला नकोच.

दुसरा घोळ पोर्तुगीज पासपोर्टचा, जो जुन्या पोर्तुगीज राजवटीच्या नात्याने अनेक गोवेकरांना मिळतो. लिस्बनला जन्मनोंद झाली, पासपोर्ट हातात आला, की वाटतं आता आपण युरोपियन, लायसन्सही सहज बदलून मिळेल. नाही मिळत. लायसन्सची अदलाबदल ठरते ते कुठल्या देशाने दिलंय यावरून. पासपोर्ट कुठला, हे कुणी विचारत नाही. पोर्तुगालमध्ये चाचणी देऊन काढलेलं लायसन्स असेल तर ते ब्रिटनमध्ये बदलून मिळतं. पणजी, म्हापसा नाहीतर मडगावात काढलेलं असेल तर ते भारतीयच, मग खिशात कुठलाही पासपोर्ट असो. आणि भारत ब्रिटनच्या अदलाबदलीच्या यादीत नाही. म्हणजे प्रोव्हिजनल (तिथलं शिकाऊ लायसन्स) काढा, थिअरी द्या, मग रस्त्यावरची चाचणी. बारा महिने उलटून गेले असतील तर तोवर गाडीला लाल एल लावून, शेजारी किमान २१ वर्षांचा आणि ३ वर्षं लायसन्स असलेला माणूस बसवून. चोर्ल्याचा घाट पावसाळ्यात उतरवलेल्या माणसाला शेजारी बाविशीतला भाचा बसवून शिकाऊ म्हणून फिरावं लागतं, याचा राग मी समजू शकतो. पण त्या रागाच्या भरात अर्ज पुढे ढकलणारे लोक असतात, ते मात्र समजत नाही. पहिल्या बारा महिन्यांतच चाचणी देऊन टाका. तेव्हा सरावही असतो आणि कायदाही बाजूने असतो.

हेच उलट्या दिशेने. चतुर्थीला किंवा नाताळात हीच मंडळी गोव्यात येतात आणि बाबांची गाडी काढतात. ब्रिटिश लायसन्सवर इथे चालवायचं तर सोबत तिकडून काढलेलं १९४९ चं परमिट हवं. २०२४ च्या एप्रिलपासून ते पोस्टाऐवजी पेपॉइंटच्या दुकानांत साडेपाच पौंडांना मिळतं. मात्र ज्यांचं जुनं गोव्याचं कार्ड अजून मुदतीत आहे, त्यांना हे काहीच लागत नाही. अदलाबदल झालेली नसल्यामुळे ते कार्ड त्यांच्याकडेच असतं, तेच खिशात ठेवायचं. भारतात काढलेलं परमिट मात्र भारतात दाखवू नका. ते काढलं त्या देशात चालतच नाही, तरी नाक्यावर ऐटीत पुढे करणारे असतात.

काढायचं कसं, यात काही अवघड नाही. वाहतूक खात्याच्या सारथी पोर्टलवर गोवा निवडायचं, फॉर्म ४अ भरायचा, लायसन्स आणि पासपोर्ट जोडायचा, हजार रुपये भरायचे. वैद्यकीय दाखल्याची आणि अर्जाच्या वेळीच व्हिसा हातात असण्याची अट २०२१ मध्येच गेली. एजंट अजूनही दाखल्याचे पैसे मागत असेल तर ते कशाचे, हे त्यालाच विचारा. नाव पासपोर्टवर आहे तसंच येतंय ना, एवढं नीट बघा. वडिलांचं नाव एका ठिकाणी आणि दुसऱ्या ठिकाणी गायब, हे आपल्याकडे सर्रास असतं. इंटरनेटवर "दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स, घरपोच" विकणारे दिसतील. १९४९ च्या नमुन्याला एका वर्षापेक्षा जास्त मुदत देताच येत नाही, आणि १९६८ च्या व्हिएन्ना करारातल्यालाही जास्तीत जास्त तीन. दहा वर्षं लिहिलेलं दिसलं की पुढे वाचूच नका.

राहिले आपले भाड्याने गाडी देणारे, हणजूण, मोरजी, पाळोळेवाले. गोऱ्या पाहुण्याकडून पासपोर्ट ठेवून घेतात, आणि वाटतं काम झालं. पासपोर्ट बघून काय करणार? त्याच्यावर गाडी चालवता येते की नाही, ते लिहिलेलं नसतं. बघायचं ते त्याचं स्वतःच्या देशातलं लायसन्स आणि सोबत परमिट, दोन्ही मुदतीत, आणि स्कूटर देताय तर ए समोर शिक्का. कव्हरवरची तारीखही वाचा, कारण भारत १९४९ च्या करारात आहे, १९६८ च्या नाही. लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे कलम चालवणाऱ्यासाठी नाही, गाडीच्या मालकासाठी आहे. चालवणाऱ्याला १८१ वेगळं लागतं.