लीड (सिअ‍ॅटल)

किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला तुरुंगात न धाडता समाजसेवकांच्या हाती सोपवणारी, अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात रुजलेली पद्धत. ‘लॉ एन्फोर्समेंट असिस्टेड डायव्हर्जन’ या मूळ नावाच्या आद्याक्षरांवरून ‘लीड’ हे नाव पडले. ऑक्टोबर २०११ मध्ये शहराच्या बेलटाउन भागात ती सुरू झाली.

तिचा उगम कोर्टातल्या भांडणात आहे. सिअ‍ॅटलमध्ये अमली पदार्थांसाठी होणाऱ्या अटकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण फार मोठे होते आणि सरकारी खर्चाने बचाव करणारे वकील त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडत होते. शेवटी तेच वकील, पोलीस आणि सरकारी अभियोक्ते एका टेबलाशी बसले. त्यात लिसा डॉगार्ड या वकिलांचा वाटा मोठा होता.

अमली पदार्थाची पुडी बाळगणे, तिची पोटापुरती विक्री किंवा वेश्याव्यवसाय यांत कुणी सापडले, तर गुन्हा पुढे चालवायचा की लीडकडे पाठवायचे हे पोलीसच ठरवतो. समाजसेवक लगेच येऊन भेटतो. ३० दिवसांत त्याच्याकडे सविस्तर मुलाखत पूर्ण केली की त्या अटकेचा खटला उभा राहत नाही. पुढची मदत घेणे न घेणे त्या माणसाच्या इच्छेवर असते. ही मदत म्हणजे राहायला खोली, हरवलेली ओळखपत्रे, दवाखाना, व्यसनावरचे औषधोपचार, कधी नुसते जेवण आणि कपडे. सुरुवातीच्या नियमांनुसार तीन ग्रॅमहून जास्त माल सापडलेल्यांना, अल्पवयीनांचे शोषण करणाऱ्यांना आणि काही हिंसक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना प्रवेश नव्हता.

नशा सोडण्याची अट मात्र नाही. पुन्हा घसरलेल्या माणसाला हाकलत नाहीत, आणि या पद्धतीचे खरे मोठेपण इथेच आहे. रस्त्यावर राहणाऱ्याला आधी छप्पर लागते. नशा सोडण्याची शपथ घ्यायचे बळ त्यानंतर येते.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या तुलनेत, नेहमीच्या मार्गाने कोर्टात गेलेल्यांपेक्षा लीडमधील लोकांना पुन्हा अटक होण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी कमी आढळली. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे ध्यानात ठेवूनही आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. सांता फे (२०१४) आणि ऑल्बनी (२०१६) या अमेरिकेतल्या शहरांनीही ही पद्धत उचलली.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ, थोड्या प्रमाणात माल सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने उपचार घेतल्यास त्याला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सुटले, तर ते संरक्षण काढून घेता येते.