टाकीत ३२, कॉम्प्युटरमध्ये ५०: डाइव्ह कॉम्प्युटरच्या सेटिंगमागची गोष्ट

नायट्रॉक्सवर (जास्त ऑक्सिजन घातलेली हवा) दुसरी डाइव्ह मारणाऱ्या बऱ्याच जणांनी हा प्रकार अनुभवलाय. टाकीत ३२ टक्के ऑक्सिजन आहे, स्वतः अॅनालाइज केलंय, टाकीच्या मानेवर टेप लावून त्यावर आकडा, जास्तीत जास्त खोली आणि तारीख लिहिलीय, आणि तरी १८ मीटरला मनगटावरचा कॉम्प्युटर केकाटायला लागतो. शेजारी बडी आहे, त्याची टाकी त्याच ठिकाणी भरलेली, त्याचा कॉम्प्युटर मात्र गप्प. माझ्याबाबतीत झालं तेव्हा मला वाटलं सेन्सर गेला. सेन्सर वगैरे काही गेला नव्हता, पहिल्या डाइव्हनंतर कॉम्प्युटरने स्वतःच सेटिंगमधला गॅस बदलून ५० टक्के धरला होता, आणि ५० टक्क्यांवर ऑक्सिजनच्या दाबाची १.४ बारची मर्यादा बरोबर १८ मीटरला लागते. हे असं का, आणि बाकीची सेटिंगही अशी विचित्र का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको. १९०८ साली बकऱ्यांवर प्रयोग करून पहिली टेबलं (कुठल्या खोलीवर किती वेळ राहायचं आणि वर येताना कुठे किती थांबायचं याचे तक्ते) आली, १९५९ मध्ये इटलीत एक यांत्रिक मीटर निघाला ज्यात गॅस सच्छिद्र सिरॅमिकमधून हळूहळू आत-बाहेर जायचा आणि काटा हलायचा, एवढं पुरे. (त्या मीटरला लोकांनी ठेवलेलं टोपणनाव बेंड्सवरूनच होतं, म्हणजे शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजारावरून, यावरून काय ते समजा.) खरी गाडी सुरू होते १९८३ ला, इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बाजारात आले तेव्हा. त्या पहिल्या मशीनमध्ये सेट करण्यासारखं फारसं काही नव्हतंच. गॅस एकच, हवा. मॉडेल, म्हणजे शरीरात किती नायट्रोजन साठला याचा हिशोब, तेही एकच, आतच पक्कं बसवलेलं. चालू करा आणि उडी मारा.

भांडण सुरू झालं ते दुसऱ्याच कारणाने. टेबल असं धरून चालतं की तुम्ही सगळा वेळ सगळ्यात खोल जागी काढला, कॉम्प्युटर मात्र क्षणाक्षणाची खोली बघतो, त्यामुळे तो सरळ सरळ जास्त वेळ देतो. आता जास्त वेळ म्हणजे जास्त नायट्रोजन. जुने लोक म्हणाले, टेबलात जो गुपचूप सेफ्टी मार्जिन होता तो तुम्ही काढून घेतलात. मग तो मार्जिन परत घालायचे दोन रस्ते निघाले. एक म्हणजे वर येण्याची पद्धत बदलायची, दुसरा म्हणजे मॉडेललाच ब्रेक लावायचा.

पहिला रस्ता पटकन सांगतो. मिनिटाला ६० फूट, म्हणजे साधारण १८ मीटर, हा वर येण्याचा जुना स्पीड १९५० च्या दशकात एका नौदलात ठरला. पाठीवर टाकी घेऊन पोहणाऱ्या डाइव्हरना भराभर वर यायचं होतं आणि जड हेल्मेटवाल्यांना दोरीने ओढून तेवढ्या वेगात वर घेणं शक्य नव्हतं, मग मधला आकडा धरला. म्हणजे चक्क तडजोड. ती पुढे तीस-पस्तीस वर्षं शास्त्र म्हणून शिकवली गेली. १९७० च्या दशकात डॉप्लर या अल्ट्रासाउंड यंत्राने रक्तातले बुडबुडे ऐकता यायला लागले आणि कळलं की नो-डेको, म्हणजे वर येताना सक्तीने थांबावं न लागणाऱ्या, डाइव्हनंतरही बुडबुडे असतात, आणि वर येताना उथळ पाण्यात थोडंसं थांबलं तरी ते बरेच कमी होतात. तिथून ५ मीटरला ३ मिनिटं हा सेफ्टी स्टॉप रुजला आणि स्पीड ९-१० मीटरवर आला. आजच्या कॉम्प्युटरमधला स्पीड अलार्म आणि ६ मीटरच्या वर आलात की आपोआप सुरू होणारं तीन मिनिटांचं घड्याळ, दोन्ही तिथलीच.

दुसरा रस्ता म्हणजे कॉन्झर्व्हेटिझम. हा शब्द जरा घोळाचाच. एका कंपनीत ०, १, २. दुसरीत उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत. तिसरीत लो, मिडियम, हाय. चौथीत मायक्रोबबल लेव्हल. या पायऱ्या एकमेकींशी जुळत नाहीत, एकीचा "१" आणि दुसरीचा "१" यांचा काही संबंध नाही, कारण खालचं मॉडेलच वेगळं. एकाच बोटीवरचे दोघं "माझं मधल्या लेव्हलला आहे" म्हणतात आणि पाण्यात २० मीटरला एकाला अजून बराच वेळ शिल्लक असतो, दुसऱ्याचा संपत आलेला असतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी ग्रेडियंट फॅक्टर आले तेव्हा निदान काय बदलतोय ते आकड्यात दिसायला लागलं. ४०/८५ म्हणजे पहिला स्टॉप कुठे पडणार ते ४० ठरवतं, आणि पृष्ठभागावर येताना मॉडेलने दिलेल्या कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांपर्यंतच जायचं. तरीही हे कोणाच्या शरीराचं मोजमाप नाही, हे मॉडेलच्या कागदावरच्या रेघेपासून किती लांब राहायचं एवढंच आहे.

डीप स्टॉपचं, म्हणजे वर येताना खोलवरच थांबण्याचं, सेटिंग याच काळातलं. एका मत्स्यशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की मासे पकडून वर आणताना त्यांची हवेची पिशवी फुगू नये म्हणून मध्येच थांबून सुई टोचायला लागते, आणि ज्या दिवशी असं खोलवर थांबणं होतं त्या दिवशी डाइव्हनंतर थकवा कमी वाटतो. तिकडे बुडबुड्यांची मॉडेलंही तेच म्हणत होती. झालं, दहा वर्षं सगळ्यांच्या मेनूत डीप स्टॉप, आणि ग्रेडियंट फॅक्टरचा पहिला आकडा १०-२० पर्यंत खाली, म्हणजे पहिला स्टॉप अजून खोल. मग एका नौदलाने ५२ मीटरला ३० मिनिटांच्या डाइव्ह घेऊन सरळ तुलना केली, एकूण स्टॉपचा वेळ सारखाच, फरक फक्त तो कुठे वाटला याचा. एकात पहिला स्टॉप १२ मीटरला, दुसऱ्यात २१ ला. उथळवाल्यात १९२ डाइव्हपैकी ३ मध्ये बेंड्स, खोलवाल्यात प्रमाण तिपटीहून जास्त. २०११ ला हा रिपोर्ट आला. डीप स्टॉपवाले अजून वाद घालतात की तो प्रोफाइल कोणीच खरोखर मारत नाही, त्यात काही प्रमाणात तथ्य आहे, पण मेनूतलं डीप स्टॉप बऱ्याच ठिकाणी आता बंद अवस्थेतच येतं.

आता गॅसकडे येतो.

साध्या हौशी डाइव्हरसाठी नायट्रॉक्स १९८५ ला आला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर जे रण माजलं ते आज सांगून खरं वाटत नाही. "व्हूडू गॅस" म्हणायचे. एका मोठ्या व्यापारी प्रदर्शनातून नायट्रॉक्स शिकवणाऱ्यांना बाहेर ठेवायचा घाट घातला गेला होता, नंतर मागे घ्यावा लागला. भीती अगदीच पोकळ नव्हती हेही खरं. नायट्रोजन कमी म्हणजे ऑक्सिजन जास्त, आणि दाबाखाली ऑक्सिजन विषारी होतो, इशारा न देता झटका (फिट) येतो आणि तोंडातला रेग्युलेटर सुटतो. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सिजनवर केलेल्या चाचण्यांत एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली होती, तोच माणूस, तीच खोली, आणि एका दिवशी सहन होणारा वेळ दुसऱ्या दिवशी कितीतरी कमी. म्हणून मर्यादा कुठे मारायची यावर खेचाखेची झाली. आधी १.६ बार चालायचं, पुढे काम करताना १.४ आणि १.६ फक्त स्थिर थांबलेलं असताना, असं स्थिरावलं. ३२ टक्क्यांवर हा फरक म्हणजे ३३ मीटर की ४० मीटर. वेळेचा हिशोब तर अजून बोलका आहे, १.४ ला एका डाइव्हसाठी १५० मिनिटं, १.६ ला ४५. कॉम्प्युटरवरची सीएनएस (मेंदू-मज्जासंस्थेवरचा ऑक्सिजनचा भार) टक्केवारी हीच मिनिटं मोजत असते.

हे सगळं कॉम्प्युटरमध्ये घालायची वेळ आली तेव्हा बनवणाऱ्यांना एक असा प्रश्न पडला जो टेबलाच्या जमान्यात नव्हताच. डाइव्ह संपली. डाइव्हरने ३६ टक्के सेट केलं होतं. आता पुढच्या डाइव्हसाठी मशीनने काय धरायचं?

कारण एक लक्षात घ्या, कॉम्प्युटर टाकीतला गॅस हुंगत नाही. तुम्ही जे बटण दाबून सांगता तेच तो खरं मानतो. टाकीला वायरलेस ट्रान्समीटर लावलेला असला तरी तो फक्त प्रेशर कळवतो, आत काय आहे ते नाही, हे सांगूनसुद्धा लोकांना पटत नाही, "एअर इंटिग्रेटेड आहे ना, मग त्याला कळेलच की".

पहिला पर्याय, ३६ तसंच ठेवा. आता समजा पुढची टाकी साधी हवा आहे आणि माणूस बदलायला विसरला. कॉम्प्युटर समजतोय नायट्रोजन ६४ टक्के, प्रत्यक्षात ७९. तो निवांत जास्त वेळ देत राहतो, स्क्रीनवर सगळं हिरवं, आणि वर आल्यावर बेंड्स.

दुसरा पर्याय, प्रत्येक डाइव्हनंतर किंवा मध्यरात्री आपोआप हवेवर या, २१. आता उलटं. टाकीत ३६ आहे, माणूस विसरला. नायट्रोजनच्या बाजूने काही बिघडत नाही, उलट वेळ कमीच मिळतो. पण ऑक्सिजनचं काय? कॉम्प्युटरच्या मते ४० मीटर बिनधास्त, आणि ३६ वर १.४ ची मर्यादा २९ मीटरच्या आतच संपलेली असते. म्हणजे एका बाजूला बेंड्स, दुसऱ्या बाजूला झटका. बेंड्सवर बहुतेक वेळा इलाज होतो, पाण्याखाली आलेल्या झटक्यावर काय इलाज करणार.

तिसरा पर्याय कोणीतरी थंड डोक्याने काढलेला आहे आणि मला तो सगळ्यात हुशार वाटतो, भले त्याने माझी एक डाइव्ह खराब केली असेल. डाइव्हर विसरलाच असेल तर दोन्ही बाजूंनी वाईटात वाईट धरा. ऑक्सिजन मोजताना ५० टक्के आहे असं धरा, नायट्रोजन मोजताना ७९ टक्के. बेरीज होते १२९ टक्के! असा गॅस जगात असूच शकत नाही, पण त्याला असायची गरजही नाही, तो विसरभोळ्या माणसाचा गॅस आहे. वर येऊन दहा मिनिटं झाली की सेटिंग गपकन ५० वर जातं, परत सेट केलं नाही तर नो-डेकोचा वेळ हवेचा मिळतो आणि १.४ लावलं असेल तर अलार्म १८ मीटरला, १.६ ला २२. विसरलात तर त्रास होईल, पण इजा होणार नाही.

आणि लोकांनी काय केलं? शिव्या घातल्या. दिवसाला तीन-चार डाइव्ह असताना प्रत्येक वेळी ओल्या बोटांनी पुन्हा पुन्हा बटणं दाबत २१, २२, २३ करत ३२ पर्यंत चढायचं, एक पुढे गेलं की पूर्ण फेरी मारून परत. बोट हलतेय, गाइड ओरडतोय, चला चला. त्यात एक खरी अडचणही होती, खोलावर अलार्म वाजला की माणूस घाबरतो, किंवा घाबरत नाही आणि त्याला सवय होते की हा उगाच वाजतो, आणि उगाच वाजणारा अलार्म हा अलार्म नसल्यासारखाच. मग कंपन्यांनी हा डिफॉल्ट चालू-बंद करायची सोय मेनूत दिली. बहुतेकांनी तो बंद केला, बरेचदा स्वतःसुद्धा नाही, विकणाऱ्याने किंवा शिकवणाऱ्याने "हे कटकटीचं आहे" म्हणून करून दिलं. आजच्या रंगीत स्क्रीनवाल्या बऱ्याच मशीनमध्ये पहिलाच पर्याय जिंकलाय, शेवटचा गॅस तसाच राहतो, फक्त तो मोठ्या अक्षरात समोर दिसतो एवढंच. सोयीचं आहे यात वाद नाही. पण वादात जो पर्याय असुरक्षित ठरला होता तोच फिरून आला, आणि तो सुरक्षिततेमुळे नाही तर बटणं कमी दाबावी लागतात म्हणून आला, हे कोणी फारसं बोलत नाही.

टाकीच्या प्रेशरची सेटिंग त्या मानाने नवी. आधी प्रेशर होजनेच कॉम्प्युटरपर्यंत यायचं, १९९० च्या दशकात वायरलेस ट्रान्समीटर आले. पाण्यात रेडिओ लहरी लगेच मरतात म्हणून कमी फ्रीक्वेन्सीचा सिग्नल जेमतेम हातभर-दोन हात पोचतो, त्यामुळे मनगट मागे गेलं की मध्ये मध्ये आकडा गायब. इथेही एक आकडा असा आहे ज्याला लोक जरुरीपेक्षा जास्त मान देतात, उरलेल्या गॅसची मिनिटं. हिशोब साधा आहे. १२ लिटरची टाकी, २०० बार, रिझर्व्ह ५०, म्हणजे वापरायला १५० गुणिले १२, १८०० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर पिणारा माणूस २० मीटरला ४५ पितो, म्हणजे ४० मिनिटं. पण कॉम्प्युटर हा दर शेवटच्या एक-दोन मिनिटांवरून काढतो, समोर करंट आला, दोन मिनिटं जोरात फिन मारले, की ४० ची २५ होतात आणि नवशिक्या त्या आकड्याकडे बघूनच अजून जोरात श्वास घ्यायला लागतो. शिवाय काही मशीन रिझर्व्हला पोचेपर्यंतची मिनिटं दाखवतात, काही त्यातच वर यायला लागणारा गॅसही धरतात, आणि स्क्रीनवर दोन्हीकडे नाव जवळपास सारखंच. रिझर्व्ह ५० वरून ७० केला की हीच ४० मिनिटं साधारण ३५ होतात.

अलीकडे काही मॉडेल पाण्यात उतरायच्या आधी गॅस आणि बाकी सेटिंग एका स्क्रीनवर मांडतात आणि बटण दाबल्याशिवाय पुढे जात नाहीत. मागच्या वेळी बोटीवर बघत होतो, आमच्यातल्या तिघांनी मास्क चढवता चढवता, मनगटाकडे न बघताच ते दाबलं.