मुलगी बुजरी की संगत तशी?

बालवाडीच्या पालकसभेत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘मुलगा आहे, दंगा करणारच’ आणि ‘मुलगी हुशार आहे हो, पण पुढे येत नाही’. बडोद्याच्या दांडिया बाजारातली आजी असो की अलकापुरीतल्या इंग्रजी शाळेच्या बाई, निदान एकच: स्वभाव. खरं तर असा फरक दोन वेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतो. एक अंगचा, पोर एकटं असलं तरी दिसणारा. दुसरा संगतीचा, शेजारी कोण बसलंय त्यावर बदलणारा. वरवर पाहता दोन्ही इतके सारखे दिसतात की आपण सगळंच स्वभावाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

ही गुंतागुंत सोडवण्याचं मोठं श्रेय एलेनॉर मॅकोबी (१९१७–२०१८) यांना जातं. त्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत. १९७४ मध्ये कॅरल जॅकलिन यांच्यासोबत त्यांनी मुलगे-मुली यांच्यातल्या फरकांवरचं संशोधन, हजाराहून जास्त अभ्यास, चाळून काढलं. पुराव्यावर टिकलेले फरक अगदी थोडे होते: भाषेत मुली जरा पुढे, गणितात आणि आकार-जागेच्या जाणिवेत मुलगे जरा पुढे, आणि मुलग्यांमध्ये मारामारीची वृत्ती जास्त. मुली जास्त मिळून-मिसळून वागतात, त्यांचा स्वतःवरचा विश्वास कमी असतो, या समजुतींना आधार सापडला नाही. जीन ब्लॉक यांनी यावर टीका केली की गोळा केलेल्या अभ्यासांत लहान वयाच्या मुलांचाच भरणा फार आहे. टीकेत तथ्य होतं. पण मॅकोबींना स्वतःला छळणारा प्रश्न वेगळा होता. एकेकटं मोजलं तर फरक एवढे किरकोळ, मग मधल्या सुट्टीत पटांगणाचे दोन तुकडे का पडतात?

उत्तराचा धागा १९७८ च्या एका प्रयोगात मिळाला. तेहतीस महिन्यांची, एकमेकांना कधीही न भेटलेली पोरं जोडीजोडीने एका खोलीत सोडली. कपडे असे की मुलगा कोण, मुलगी कोण ते कळू नये. एकेका मुलाचे गुण मोजले तेव्हा मुलगे आणि मुली जवळपास बरोबरीत. जोड्या लावून पाहिलं तेव्हा चित्रच पालटलं. दोन मुली किंवा दोन मुलगे असतील तर खेळही जास्त, खेळण्यांची ओढाताणही जास्त. मुलीची जोडी मुलग्याशी लागली की ती बऱ्याचदा बाजूला उभी राहून नुसती बघत राही. मुलीशीच जोडी लागलेल्या मुली सहसा अशा उभ्या राहत नसत. तिचं गप्प राहणं तिच्या अंगी नव्हतंच, ते त्या जोडीत होतं.

मला स्वतःला याहून जास्त पटला तो कॅथरिन ग्रीनो यांचा १९८९ चा अभ्यास. चार-चार मुलांचे गट, मोठी खोली, भरपूर खेळणी, एका टोकाला बसलेली एक बाई. दोन मुलगे-दोन मुली असा गट असेल तेव्हा मुली बाईंच्या आसपास राहत. एवढंच पाहिलं असतं तर ‘मुलींना मोठ्यांचा आधार लागतो’ असं लिहून सगळे घरी गेले असते. पण चारही मुली असलेल्या गटातल्या मुली बाईंपासून मुलग्यांच्या गटापेक्षाही लांब जाऊन खेळल्या! म्हणजे बाईंची ओढ नव्हती. मुलगे असताना आपलं कोणी ऐकत नाही, बाई जवळ असल्या तर निदान खेळणं हातात राहतं, एवढा साधा हिशोब त्यात असावा. मॅकोबींच्या मते मुली लहानपणी समजावून, विनवून सांगायला शिकतात, आणि नेमकी तीच भाषा मुलग्यांवर चालत नाही.

दंग्याचंही तसंच. मुलगे सरासरीने जास्त धावपळ करतात हे खरं, आणि यात अंगचा भाग नाही असं म्हणणं खोटेपणा होईल. पण एकटा मुलगा आणि चार मुलग्यांतला मुलगा यांत जमीन-अस्मानाचा फरक. माझा सहा वर्षांचा भाचा दुपारी घरात मामेबहिणीसोबत भातुकली मांडून बसतो. चहा गाळतो, ‘ताई, साखर किती?’ विचारतो. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेटची टोळी जमली की त्याच ताईला ‘ए, तू जा ना वर!’ आणि ती ओटल्यावर जाऊन बसते. वहिनी म्हणतात, पोरगी फार भिडस्त. नवरात्राआधी याच भिडस्त पोरीने त्याच पार्किंगमध्ये डझनभर मुलींना गरब्याच्या स्टेप्स शिकवल्या, चुकणारीला ओळीतून बाहेरही काढलं.

मॅकोबी-जॅकलिन यांच्या १९८७ च्या निरीक्षणात साडेचार वर्षांची मुलं विरुद्ध लिंगाच्या मुलांपेक्षा आपल्यासारख्यांसोबत जवळपास तिप्पट वेळ खेळत होती. साडेसहाव्या वर्षी तोच आकडा अकरापट! सांगायला कोणी गेलं नव्हतं. आईबापांनी शिकवलं म्हणावं, तर लिटन आणि रॉम्नी यांनी १९९१ मध्ये १७२ अभ्यास एकत्र केले तेव्हा पालकांची वागणूक दोघांशी बरीचशी सारखीच निघाली. ठळक फरक दिसला तो ‘मुलीची’ आणि ‘मुलग्याची’ खेळणी-खेळ यांना दिलेल्या उत्तेजनात. हे अभ्यास बहुतांशी पाश्चात्त्य घरांतले, हे विसरू नये. पाहुण्यांना पाणी कोणी द्यायचं, दिवेलागणीनंतर खाली कोणी थांबायचं, हे आपल्याकडे आजही घरातच ठरतं, आणि संध्याकाळची टोळी कोणाची होणार तेही त्यातूनच ठरतं.

शिवाय संगतीचा हा नियमही सगळीकडे सारखा नाही. बीट्रिस व्हाइटिंग आणि कॅरोलिन एडवर्ड्स यांनी अनेक देशांतल्या मुलांची निरीक्षणं तपासली. त्यांत आपलं खालापूरही होतं, रायगडातलं नव्हे, उत्तर प्रदेशातलं. जिथे समवयस्क भरपूर आणि मोठ्यांचं लक्ष कमी, तिथे तट पक्के. चार घरांची वस्ती, खेळायला भावंडंच, तिथे सगळे मिसळून. बॅरी थॉर्न यांनी अमेरिकेतल्या शाळांत बसून हेच पाहिलं: गल्लीत एकत्र खेळणारी मुलं-मुली शाळेत एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत, कारण तिथे चिडवायला अख्खा वर्ग हजर. मॅकोबी मुलग्यांचं एक आणि मुलींचं एक अशी दोन वेगळी जगं मानत, ते जरा जास्तच ताणलेलं आहे हा थॉर्न यांचा आक्षेप मला मान्य आहे. आमच्या भाच्याची दुपार त्याला साक्ष आहे.

तेव्हा पुढच्या पालकसभेत बाई ‘पुढे येत नाही’ म्हणाल्या तर एवढंच विचारा: तिच्या बाकावर, तिच्या गटात कोण असतं? गट बदलल्यावरही ती तशीच असते का? मुलींच्या गटातही ती आठवडेच्या आठवडे मागेच राहत असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याशी निवांत बोलायला हवं. नसेल, तर रिपोर्ट कार्डातल्या ‘स्वभाव’ या रकान्यात काहीही लिहायची गरज नाही, बाक बदलून पाहा.