समुपदेशक व्हायचंय? आधी कोर्स नीट निवडा, मग फॉर्म भरा

‘काउन्सेलिंगचा कोर्स करायचाय, फॉर्म कधी निघतो?’ असं विचारणाऱ्याला आधी उलट विचारावं लागतं: समुपदेशक व्हायचंय की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ? दोघांचे अर्ज वेगळे आणि कायदेही वेगळे.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम लागतो. पुढे परिषदेच्या नोंदवहीत नाव चढवावं लागतं. या क्षेत्रातल्या एम.फिल.च्या प्रवेशांना यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५-२६ पर्यंतच मुदतवाढ दिली होती. त्यामुळे जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर विसंबू नका. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, तिथे संस्थेचं नाव, अभ्यासक्रम आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे तिन्ही पाहा.

समुपदेशकाचा रस्ता बहुधा मानसशास्त्रातल्या एम.ए.मधून जातो. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञ आणि आरोग्य समुपदेशक आले आहेत. त्याचा थेट परिणाम म्हणजे जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमांना दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत, असं यूजीसीने विद्यापीठांना कळवलं. ‘घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी हे आठवा. पंधरा दिवसांच्या प्रमाणपत्रांबद्दल तर बोलायलाच नको. ऐकून घ्यायची सवय लागायला ती बरी असतील, पण त्यावर बोर्ड लावून बसू नये.

अर्जाचं उदाहरण म्हणून मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था घेऊ. इथल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा एनटीए, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही बसता येतं. मुलं अडकतात ती पुढे: सीयूईटीचा फॉर्म भरला म्हणजे संस्थेत अर्ज झाला असं होत नाही. संस्थेच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते, आणि तिची मुदत हुकली की चांगले गुण असूनही उपयोग नाही. मुंबई विद्यापीठ, एसएनडीटी वगैरेंचे अर्ज त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावर. पदवीला मानसशास्त्र हवंच का, किमान टक्के किती, हे दर ठिकाणी बदलतं, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, आधार, फोटो, सही, स्थलांतर प्रमाणपत्र आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट, एवढं तयार ठेवा. खरी धावपळ आरक्षणाच्या दाखल्यांची. केंद्रीय प्रवेशाला ओबीसींचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचं तीन वर्षांचं नॉन-क्रीमीलेअर जोडलं तर ते नाकारलं जातं. एसईबीसी, म्हणजे मराठा समाजाला दिलेलं आरक्षण राज्यापुरतंच आहे. विमुक्त-भटक्यांनी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते आधी तपासावं. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला चालू आर्थिक वर्षाचाच लागतो, म्हणून एप्रिल उजाडला की आपले सरकार केंद्रात अर्ज टाका. जूनमध्ये तहसीलमध्ये रांग असते. आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर नि दाखल्यावर नाव एकसारखं आहे का, तेही बघा. वडिलांच्या नावातल्या एका अक्षराच्या फरकानेही पडताळणी अडते.

शिक्षकांसाठी आणखी एक वाट आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशन पदविका अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे: काही महिने घरून अभ्यास, मग प्रत्यक्ष वर्ग, शेवटी आपल्याच गावाजवळ इंटर्नशिप. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या शिक्षकांचं केंद्र म्हणजे भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था. नोकरीतल्यांनी मुख्याध्यापकांमार्फत परवानगीचा कागद आधीच हलवावा, तो वेळ खातो. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितल्यापासून शाळाही अशा कागदांकडे पूर्वीपेक्षा गांभीर्याने पाहू लागतील, असं वाटतं.

फी भरण्याआधी संस्थेला दोन गोष्टी विचारा: विद्यार्थी प्रत्यक्ष किती तास लोकांशी बोलतो, आणि त्या केसेसवर त्याच्याबरोबर कोण बसतं? उत्तर गोलमोल आलं, तर दुसऱ्या संस्थेचा फॉर्म उघडा.