घरगुती एस्प्रेसो मशीन : डिस्केलिंग आणि निगा

मशीनच्या बॉयलरमध्ये, नळ्यांत आणि व्हॉल्व्हमध्ये साचलेला क्षारांचा थर सौम्य आम्लाने विरघळवून काढणे म्हणजे डिस्केलिंग. एस्प्रेसोला ९ बारच्या आसपास दाब आणि ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी लागते. हे पाणी काही ठिकाणी एक मिलिमीटरहून अरुंद वाटेने जाते. गीझरच्या कॉइलवर वर्षानुवर्षे खपून जाणारा थर म्हणूनच इथे लवकर नडतो. डिस्केलिंग हा शेवटचा उपाय आहे. पाणी नीट निवडले तर त्याची वेळ क्वचित येते. ठाणे आणि नवी मुंबईत हे ध्यानात ठेवायला हवे, कारण इथे एकाच सोसायटीच्या टाकीत कधी महापालिकेचे मऊ पाणी असते, तर कधी टँकरचे जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेले.

थर कुठे बसतो, काय बिघडवतो

पाण्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर फुटते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. ते आधी हीटिंग एलिमेंटला धरते. थर उष्णता अडवतो, एलिमेंट आतून जास्त तापते आणि अखेर थर्मल फ्यूज उडतो. तापमानाच्या सेन्सरवर थर चढला की त्याला खबर उशिरा लागते आणि एक शॉट आंबट, तर पुढचा जळकट उतरतो. ग्रुपकडे, म्हणजे कॉफीचे हँडल जिथे अडकवतात त्या भागाकडे, जाणाऱ्या वाटेवरच्या जेटचे छिद्र साधारण ०.६ ते १ मिलिमीटरचे असते; एक कपची अडकली तरी धार मंदावते. हे वेळेत कळावे म्हणून मशीन नवे असतानाच पोर्टाफिल्टर (कॉफीची पूड भरायचे हँडल) न लावता दहा सेकंद पंप चालवून किती पाणी पडते ते मोजून लिहून ठेवावे. पुढे आकडा ठळकपणे घसरला की वाट चोंदते आहे असे समजावे.

वाफेच्या बॉयलरचे गणित वेगळे असते. तिथून बाहेर फक्त वाफ जाते, क्षार आतच राहतात आणि उरलेले पाणी दिवसेंदिवस अधिक क्षारयुक्त होत जाते. हीट एक्स्चेंजर (वाफेच्या बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत कॉफीचे पाणी तापवणाऱ्या) आणि डबल बॉयलर (कॉफी आणि वाफेसाठी वेगळे बॉयलर असलेल्या) मशीनमध्ये आठवड्यातून एकदा गरम पाण्याच्या नळीतून २०० ते ३०० मिलिलिटर पाणी काढून टाकावे. त्यामुळे थर बसण्याचा वेग बराच कमी होतो.

इथले पाणी

नवी मुंबई महापालिकेचे पाणी मुख्यतः मोरबे धरणाचे. ठाण्याला महापालिकेची भातसा नदीवरील स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा संस्था), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी मिळते. हे सगळे सह्याद्रीच्या पावसाचे, साठवलेले पाणी, म्हणून मुळात मऊ. फक्त यावर चालणाऱ्या घरात दरमहा डिस्केलिंग करणे म्हणजे मशीनला विनाकारण आम्ल पाजणे. घोडबंदर रोडसारख्या भागांत टँकर आणि बोअरवेलची भर पडते तिथे चित्र पालटते. काळ्या कातळातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट भरपूर असू शकतात. खाडीलगत त्यात क्लोराइडही मिसळते. क्लोराइडचा थर बसत नाही, पण ते स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडते आणि हे नुकसान कोणत्याही डिस्केलरने भरून येत नाही.

टीडीएस मीटरवर विसंबू नये. तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो. त्यातला थर बसवणारा भाग किती हे सांगत नाही. सोसायटीच्या सॉफ्टनर प्लांटमधून आलेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, जडपणा मात्र शून्यावर आलेला असतो. मत्स्यालयाचे सामान विकणाऱ्या दुकानांत थेंब टाकून मोजायचा जीएच-केएच (एकूण जडपणा आणि बायकार्बोनेट मोजणारा) किट मिळतो. बहुतेक किटमध्ये पाच मिलिलिटर पाण्यात एक थेंब म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम जडपणा. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकार्य धरते. पोटाला ते चालते, बॉयलरला नाही. मशीनसाठी ५० ते ८० बरे, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. टँकर सुरू असताना एकदा आणि नळाचे पाणी असताना एकदा, असे दोन्ही वेळा मोजावे.

यूव्ही प्युरिफायर जडपणा काढत नाही, आरओ काढतो. मात्र ज्या आरओत टीडीएस कंट्रोलर असतो, त्यात थोडे पाणी आरओ झिल्लीला वळसा घालून शुद्ध पाण्यात मिसळते. टँकरच्या दिवसांत त्यासोबत जडपणाही परत येतो. याउलट निव्वळ आरओचे पाणी इतके रिकामे असते की बॉयलरच्या पातळीच्या प्रोबला (पाणी कुठवर आले हे ओळखणाऱ्या दांडीला) त्यातून वीज वाहताना जाणवत नाही आणि बॉयलर गरजेपेक्षा जास्त भरतो. दोन्हींवर एक सोपा तोडगा आहे. कंट्रोलर बंद करून घेतलेल्या आरओच्या एका लिटरमध्ये ०.१ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट घालावे. इतके बारीक वजन घरी जमत नाही, म्हणून १० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवावी आणि टाकीत लिटरमागे १० मिलिलिटर घालावे. पोटॅशियमचे न मिळाल्यास त्या १० ग्रॅमऐवजी ८ ग्रॅम खाण्याचा सोडा चालतो. या पाण्याने थर बसतच नाही आणि अंगच्या अल्कधर्मीपणामुळे धातूही गंजण्यापासून जपला जातो.

डिस्केलिंगची रीत

सायट्रिक ॲसिड म्हणजे ढोकळ्यात घालतात तेच लिंबूसत्त्व. एक लिटर कोमट पाण्यात २५ ग्रॅम पूर्ण विरघळवावे. कण राहिला तर तो पंपात जातो. कागदावरच्या हिशेबाने एवढे आम्ल सुमारे १८ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवते, म्हणून प्रमाण दुप्पट करण्यात अर्थ नाही. व्हिनेगर टाळावे: त्याचा वास दिवसेंदिवस जात नाही आणि रबरी सीलना ते मानवत नाही. ॲल्युमिनियमचा थर्मोब्लॉक (बॉयलरऐवजी पाणी तापवणारा धातूचा ठोकळा) असेल तर कंपनीने सांगितलेलेच डिस्केलर वापरावे. ते बहुधा लॅक्टिक ॲसिडचे असते.

टाकीतली सॉफ्टनर पिशवी किंवा फिल्टर आधी काढावा, नाहीतर आम्ल त्यातच खर्ची पडते. ग्रुपखालची जाळी (शॉवर स्क्रीन) हीदेखील काढावी. द्रावण टाकीत भरून ग्रुपमधून १०० ते १५० मिलिलिटर सोडावे, तेवढेच स्टीम नळीतून (हीट एक्स्चेंजर आणि डबल बॉयलर मशीन सोडून). मग मशीन बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. द्रावण आत उकळत ठेवू नये, कारण कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळते आणि स्वतःच साका बनून बसते. द्रावण संपेपर्यंत हाच क्रम चालवावा. रात्रभर भिजत ठेवण्याचा मोह आवरावा. पितळ आणि क्रोमच्या मुलाम्याला ते महागात पडते.

नंतर किमान दोन टाक्या साध्या पाण्याने धुवाव्यात. बाहेर आलेल्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून पाहावा. फसफसले तर आम्ल नक्की शिल्लक आहे. न फसफसले तरी लिटमस पट्टीने खात्री करावी.

फार जुना थर असेल तर घरी आम्ल घालू नये. सुटलेल्या कपच्या वाहत जाऊन विजेवर उघडझाप करणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये अडकतात, आणि धड चालणारे मशीन डिस्केलिंगनंतर थेंबथेंब गळू लागते. असे मशीन खोलून, बॉयलर वेगळा काढून साफ करून घ्यावे. हीट एक्स्चेंजर आणि डबल बॉयलरच्या वाफेच्या बॉयलरलाही हेच लागू, कारण तिथून आम्ल पूर्ण बाहेर काढणे घरी जवळपास अशक्य असते.

तेल, दूध, गॅस्केट

कॉफीचे तेल आम्लाने निघत नाही. त्यासाठी डिटर्जंटने बॅकफ्लश करतात, म्हणजे ग्रुप उलट दिशेने धुतात: बंद (छिद्रे नसलेल्या) बास्केटमध्ये सुमारे ३ ग्रॅम पावडर, दहा सेकंद पंप चालू, दहा सेकंद बंद, असे पाच वेळा, मग तितकेच साध्या पाण्याने. हे फक्त थ्री-वे सोलेनॉइड व्हॉल्व्ह असलेल्या मशीनलाच करावे. इतरांत दाबाला परत जायला वाट नसते आणि पोर्टाफिल्टर काढताना गरम पाणी अंगावर उडते. ॲल्युमिनियमचे भाग या डिटर्जंटमध्ये भिजवू नयेत, काळे पडतात.

स्टीम नळी दूध तापवल्याच्या क्षणी ओल्या फडक्याने पुसून दोन सेकंद वाफ सोडावी. थंड होताना नळीत पोकळी होते आणि दूध आत ओढले जाते. पोर्टाफिल्टर पूर्वीपेक्षा बराच पुढे फिरू लागला किंवा कडेने पाणी गळू लागले, की ग्रुपचे रबर (गॅस्केट) टणक झालेले असते. ते वर्षातून एकदा बदलावे, मशीन थंड करून आणि प्लग काढून. पावसाळ्याच्या दमट हवेत टाकीच्या आतल्या भिंतीला बुळबुळीत थर येतो. चार दिवस मशीन बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून, पुसून, झाकण उघडे ठेवावे.